सीनायहून उतरताना

रात्री दोनला इजिप्तमधल्या सेंट कॅथरिन मठामागून सीनाय पर्वत चढायला लागलो. वाटाड्या जबालिया टोळीचा बेदुईन. उंटवाट संपल्यावर शेवटच्या साडेसातशे पायऱ्या. थंडीनं बोटं वळत नव्हती, पण माझा सगळा जीव कानांत आला होता.

मी अलिबागची बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली ज्यू. सीनायवर तोरा, म्हणजे आमचं धर्मशास्त्र, मिळाली तो सण म्हणजे शावुओत. त्या दिवशी सिनेगॉगमध्ये यहेज्केल संदेष्ट्याचा पहिला अध्याय वाचतात. सण मे-जूनमध्ये येतो. एखाद्या वर्षी बाहेर पहिला पाऊस कोसळत असायचा, आणि आत वाचणाऱ्याच्या तोंडी 'कोल माइम रब्बिम', म्हणजे महाजलांचा आवाज. आजी कानाशी म्हणायची, "गाज गं, आपल्या नवगावची गाज." आमचे पूर्वज जहाज फुटून त्याच किनाऱ्याला लागले, असं आम्ही मानतो.

यहेज्केल बाबिलोनात हद्दपार होता. कबार नदीकाठी झालेल्या दर्शनात त्याला चार प्राण्यांचे पंख ऐकू आले. त्या एका वचनात 'कोल', म्हणजे आवाज, हा शब्द पाच वेळा येतो. जलांसारखा, शद्दायसारखा (सर्वसमर्थ देवासारखा), छावणीच्या कल्लोळासारखा: एकही उपमा त्याला पुरत नाही, म्हणून तो पुढची धरतो. मोठ्यानं वाचताना दम लागतो. मला तर वाटतं, तो लागावा म्हणूनच वचन तसं आहे. आणि मग प्राणी थांबतात, पंख खाली येतात. वरून वाणी येते ती तेव्हा.

माथा २२८५ मीटरवर. उजाडलं तेव्हा तिथे खूप माणसं होती. तोरा मिळाली तेव्हा इथेच शिंगाचा नाद वाढत गेला, लोकांनी आवाज 'पाहिले' (हिब्रूत क्रियापद पाहण्याचंच आहे) आणि ते मोशेला (मोझेसला) म्हणाले, तूच बोल, देव बोलला तर आम्ही मरू. ती भीती मला लहानपणी कळत नसे. त्या उघड्या, काळ्या-तांबड्या कड्यांपुढे कळली. आवाज अडवायला तिथे झाड नाही, भिंत नाही.

उतरताना पायऱ्यांची वाट घेतली. मठापर्यंत मिळून ३७५० म्हणतात. मध्येच एलियाहू संदेष्ट्याची सपाटी लागते, तिथे मात्र सरूची झाडं आहेत. एलियाहू हन्नबी आमचा फार जवळचा. अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर त्याच्या रथाची खूण आहे असं आमची माणसं मानतात, नवस फेडायला तिथे मलिदा करतात. होरेबवर, म्हणजे याच सीनायवर, त्याच्यापुढून डोंगर फोडणारा वारा गेला, भूकंप झाला, आग झाली. त्यांत देव नव्हता. मग 'कोल द्‌मामा दक्का'. मराठीत 'मंद वाणी' वाचलं आहे, पण 'दक्का' म्हणजे कुटून बारीक झालेली. मी म्हणेन, वस्त्रगाळ शांततेचा आवाज. एलियाहूनं झग्यानं तोंड झाकलं ते तो ऐकल्यावर, आगीपुढे नव्हे.

मी सरूखाली बसले. वारा पडला होता. कानात फक्त माझंच रक्त वाहत होतं, आणि हळूहळू तेही ऐकू येईना. ओढणी कधी तोंडावर ओढली ते आठवत नाही.

वाटाड्यानं दोनदा हाक मारली म्हणे.