बनावे आणि बाताड: भाताचा हंगाम बघून आखायचा प्रवास

फिलिपाइन्समधल्या बनावेचं तिकीट काढण्याआधी भाताचा हंगाम बघा. तिथे बघायची ती भातखाचरं आहेत, आणि शेत बारा महिने सारखं दिसत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी खाचरांत पाणी भरलेलं असतं, चिखलणी आणि लावणी चालू असते. उजाडताना डोंगरभर आरसे मांडल्यासारखे दिसतात, पण धुकं आलं तर दहा फुटांपलीकडचंही दिसत नाही आणि रात्री चांगली थंडी पडते. एप्रिल-मे हिरवागार. जूनअखेर ते जुलै पीक पिवळं होऊन कापणीला येतं. त्यानंतर बरीच खाचरं मोकळी, चिखल आणि तणाची असतात. शिवाय जून ते नोव्हेंबर वादळांचे दिवस, दरडी कोसळून घाट बंद पडतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने एप्रिलचा शेवट किंवा मे धरावा. गाव जितकं उंचावर तितके हे दिवस दोन-तीन आठवडे पुढेमागे होतात, म्हणून खोली ठरवतानाच 'सध्या शेतात काय आहे' एवढं विचारून घ्या.

बनावे हे लुझोन बेटाच्या उत्तरेकडच्या डोंगरांत, इफुगाव प्रांतातलं छोटं गाव. उंची साधारण 1200 मीटर, मनिलाहून अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. 8 जून 2025 पासून भारतीय पासपोर्टवर फिलिपाइन्समध्ये 14 दिवस व्हिसाशिवाय राहता येतं. ही मुदत वाढवून मिळत नाही. परतीचं किंवा पुढचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग, पुरेसे पैसे असल्याचा पुरावा आणि सहा महिने मुदत असलेला पासपोर्ट लागतो. पोहोचण्याआधीच्या 72 तासांत 'ई-ट्रॅव्हल' नोंदणी करून क्यूआर कोड फोनमध्ये ठेवायचा. ती फुकट असते, पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते बनावट समजा.

मनिलाहून बनावेला रात्रीची बस. ओहायामी कंपनीच्या बस सांपालोक भागातून रात्री निघतात आणि नऊ-दहा तासांनी, उजाडताना, बनावेत पोहोचतात. सागादा या पुढच्या गावाला जाणाऱ्या कोडा लाइन्सच्या बसही बनावेवरून जातात. एसी इतका कडक असतो की जाड जाकीट, कानटोपी आणि मोजे हाताशीच ठेवा. डिकीत टाकलेल्या बॅगेतली शाल रात्री दोन वाजता उपयोगाची नाही. बस जेवणाला थांबते तिथे स्वच्छतागृहाला सुटे पेसो लागतात. बागाबागचा फाटा सोडला की वळणं सुरू होतात. गाडी लागणाऱ्यांनी पुढची जागा घ्यावी आणि गोळी त्याआधीच घ्यावी. नाताळात आणि ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात गाड्या भरून जातात. थेट बस मिळाली नाही तर तुगेगारावकडे जाणारी कोणतीही बस पकडून सोलानोला उतरा. तिथून व्हॅन किंवा जीपनीने (जीपसारखी लांब प्रवासी गाडी) लागावेमार्गे वर येता येतं. गाडी बदलावी लागते एवढंच.

बसमधून उतरताच गाइड आणि ट्रायसिकलवाले भेटतात. ट्रायसिकल म्हणजे बाजूला डबा जोडलेली मोटरसायकल, सामानासह दोघांना पुरते. घाईने कुणाला हो म्हणू नका. आधी पर्यटन कार्यालयात नाव नोंदवून पर्यावरण शुल्क भरा. ट्रायसिकल, जीप आणि गाइडचे ठरलेले दर तिथेच विचारा. भाडं गाडीमागे आहे की माणसामागे, जाऊन-येऊन आहे की एकाच बाजूचं, थांबण्याचा वेळ किती, हे तिन्ही निघण्याआधी स्पष्ट करून घ्या. वाद होतो तो जवळजवळ नेहमी यातल्याच एखाद्या गोष्टीवरून.

पैसे मनिलातच काढा. गावातल्या एटीएमच्या भरवशावर येऊ नका आणि जवळच्या बाताड खेड्यात तर रोखीशिवाय काही चालत नाही. एक पेसो साधारण दीड रुपया. 20, 50 आणि 100 च्या नोटा भरपूर ठेवा, हजाराची सुटी व्हायला त्रास होतो. फोनच्या सिमला पासपोर्ट दाखवून नोंदणी लागते, तेही मनिलातच उरका. विजेचा दाब जवळपास आपल्यासारखाच, 220 व्होल्ट, पण बोर्डाला दोन चपट्या पिना लागतात. आपले गोल पिनांचे चार्जर बसत नाहीत, अडॅप्टर न्या.

आता मुख्य गोष्ट. पुष्कळ लोक सकाळी येतात, बोंटोक रस्त्यावरच्या व्ह्यूपॉइंटांवर फोटो काढतात आणि संध्याकाळच्या बसने परत जातात. ते व्ह्यूपॉइंट गावापासून ट्रायसिकलच्या अंतरावर आहेत आणि छान आहेत. पण 1995 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या पाच समूहांत ही गावाजवळची खाचरं नाहीत. त्या यादीत बाताड, बांगाआन, मायोयाव, हुंगदुआन आणि कियांगानमधली नागाकादान ही आहेत. बाताड आणि बांगाआन बनावेच्याच हद्दीत येतात. म्हणून दोन दिवस असतील तर त्यातली एक रात्र बाताडमध्येच काढा. बसमधून उतरलात, नाश्ता केला की थेट तिकडे निघा. व्ह्यूपॉइंट परतीच्या दिवशी दुपारी उरकता येतात.

बाताडचा फाटा बनावेपासून 12 किलोमीटरवर. तिथून चढाचा रस्ता 'सॅडल' नावाच्या खिंडीपर्यंत जातो आणि आता खिंडीपलीकडेही गाडीरस्ता झाला आहे. पुढे पायीच उतरायचं. प्रवासी जीपनी गावकऱ्यांच्या सोयीने धावतात: सकाळी खेड्यातून बाजाराला, दुपारनंतर परत. तुम्हाला नेमकं उलट जायचं असतं, म्हणून सकाळी बहुतेकदा स्वतंत्र गाडी करावी लागते. बसमध्येच तीन-चार सोबती जमवा, भाडं वाटलं जातं. मोठी बॅग बनावेतल्या लॉजवर ठेवून एका रात्रीपुरतं सामान पाठीवर घ्या. वाटेतल्या टपरीवर काठी मिळते. ती घ्याच.

खाचरांत उतरलात की चालायचं ते बांधांवरून, आणि बांधाची माथ्यावरची रुंदी काही ठिकाणी जेमतेम एक पाऊल. एका हाताला घोटाभर पाणी, दुसऱ्या हाताला माणसाच्या उंचीहून खोल दगडी भिंत. तोल जातोय असं वाटलं तर अंग पाण्याकडे टाका, चिखलात पडून काही होत नाही. वर चढायला भिंतीतूनच लांबट दगड बाहेर काढलेले असतात, त्याच पायऱ्या. पाऊस पडून गेला की ते शेवाळाने निसरडे होतात. खोल खाचांचे तळवे असलेले बूट हवेत, सपाट सँडल नकोत. समोरून ओझं घेतलेला माणूस आला तर रुंद जागा बघून आपणच थांबायचं. माती नुकतीच लिंपलेल्या बांधावर पाय देऊ नये.

तसं का, हे भिंतीजवळ बसून पाहिलं की कळतं. वरच्या खाचराच्या बांधाला एक खाच ठेवलेली असते, तिथून जादा पाणी खालच्यात उतरतं, तिथून त्याच्या खालच्यात. सगळ्यांच्या वर राखलेलं रान असतं, त्याला मुयोंग म्हणतात. पाणी त्या रानातून झिरपतं. हे पाणी तुटलं आणि खाचर वाळलं की मातीला भेगा पडतात, गांडुळं भोकं पाडतात. मग मोठ्या पावसात पाणी भिंतीच्या मागे शिरतं, भिंतीला फुगा येतो आणि ती ढासळते, बरोबर खालच्या दोन-तीन भिंतीही घेऊन जाते. एक भिंत परत रचायला बरेच हात लागतात, आणि तरुण मंडळी कामासाठी शहरात गेलेली असतात. याच पडझडीमुळे ही जागा 2001 ते 2012 युनेस्कोच्या धोक्यातल्या यादीत होती. मावळात किंवा कोकणात भातशेती केलेल्याला यातलं काहीच परकं वाटणार नाही. म्हणूनच गाइड बाताडचाच घ्या आणि मुक्काम, जेवणही गावातच करा. पैसा निदान त्या भिंती राखणाऱ्या घरांत जातो.

खाचरं दोन हजार वर्षांची आहेत असं गाइड सांगेल, पाट्यांवरही तसंच असतं. कियांगानजवळच्या उत्खननातून मात्र पाण्यातली भातशेती इथे सुमारे 400 वर्षांपूर्वी, स्पॅनिश आल्यानंतर, पसरली असं पुढे आलं आहे. मैदानातून डोंगरात सरकलेल्या लोकांनी इतक्या कमी काळात हे उभं केलं असेल तर ते जास्तच थक्क करणारं आहे.

तापिया धबधबा खाचरांच्या पलीकडे, खूप उताराच्या पायऱ्यांनी खाली आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करून जावं, कारण तेवढंच वर चढायचं असतं. पावसाळी दिवसांत डोहाच्या मध्यात जाऊ नका, ओढ जबर असते. दुपारी ढग भरून येतात, म्हणून सकाळी लवकर निघा.

शाकाहारी माणसाचं भागतं, पण विचारूनच खावं लागतं. भाजी म्हणून येणाऱ्या पिनाकबेतमध्ये बागोओंग, म्हणजे आंबवलेली कोळंबी किंवा मासळी असते. चॉपसुईत मांस किंवा त्याचं पाणी. 'वालांग कार्ने, वालांग इस्दा, वालांग बागोओंग' असं तिन्ही सांगा: मांस नको, मासा नको, बागोओंग नको. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हटलं तर मासळी येऊ शकते. लसूण घातलेला परतलेला भात आणि अंडं सगळीकडे मिळतं. बाताडच्या लॉजवर इस्रायली प्रवाशांमुळे मालावाख नावाची पदर सुटणारी रोटीही मिळते, ती पोटभर होते. मेतकुटाची पुडी जवळ ठेवा, इथल्या चिकट गरम भातावर ते फार छान लागतं. स्थानिक तिनावोन तांदूळ वर्षातून एकदाच पिकतो. बाजारात मिळाला तर एखादा किलो घ्या.

बाजारात लोकांचे ओठ लाल दिसतील. पान, सुपारी, चुना खाण्याची इथे जुनी सवय आहे, त्याला मोम्मा म्हणतात. व्ह्यूपॉइंटवर पिसांचा शिरपेच घालून बसलेल्या आजी-आजोबांचा फोटो काढायचा तर आधी विचारा आणि काही पेसो द्या. ती त्यांची कमाई आहे.

दिवस जास्त असतील तर लागावेमार्गे कियांगानला जा. दुसऱ्या महायुद्धात जपानी जनरल यामाशिताने 2 सप्टेंबर 1945 ला तिथेच शरणागती पत्करली, आणि नागाकादानची खाचरंही तिथेच आहेत. बोंटोक आणि सागादाकडे जाणारा रस्ता दरडींचा आहे. पावसात निघण्याआधी तो चालू आहे का ते बनावेत विचारून घ्या.

परतीची बस संध्याकाळी निघते. तिचं तिकीट बनावेत उतरल्याबरोबर काढून टाका, आणि मनिलाहून विमान त्याच सकाळचं ठेवू नका. घाटात दरड आली किंवा शहराच्या तोंडाशी गाड्या तुंबल्या तर चार-पाच तास सहज जातात. मध्ये एक पूर्ण दिवस मोकळा असू द्या.