वॉर्डरोब घेताना बिलावर 'प्लाय' लिहून घ्यायचं म्हणजे… माझा अनुभव

नवीन घरासाठी सोफा, डायनिंग टेबल वगैरे पटापट झालं, त्यात सांगण्यासारखं फार नाही. डोकं फिरवलं ते वॉर्डरोबने. म्हणजे खरं तर त्याच्या बिलाने.

घराजवळच्या एका मोठ्या चकाचक शोरूममध्ये तीन दरवाज्यांचा वॉर्डरोब आवडला. सेल्समन म्हणाला, मॅडम मरीन प्लाय आहे, सातशेदहा. आयएस म्हणजे भारतीय मानक, आयएस 710 हा मरीन प्लायचा स्टँडर्ड, पाण्याला चांगला टिकतो. आयएस 303 हा साध्या वापराच्या प्लायचा, त्यात एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट) आणि बीडब्ल्यूआर (बॉइलिंग वॉटर रेझिस्टंट) असे ग्रेड, एमआर म्हणजे दमट हवा सोसेल पण सतत ओल लागली की संपलं, बीडब्ल्यूआर त्याच्यापेक्षा बरा. आम्ही राहतो डोंबिवलीत, पावसाळ्यात भिंतीला हात लावला तरी ओल लागते, त्यामुळे हे बघावंच लागतं. आयएसआयचा शिक्का प्लायच्या शीटवर असतो, पण रेडिमेड कपाटाला आतून बाहेरून लॅमिनेट लावलेलं, शिक्का दिसणार कसा? म्हणून पीस बाजूला ठेवायला टोकन दिलं आणि म्हटलं, फायनल बिलावर तुम्ही जे बोललात तेवढंच लिहून द्या.

झालं. इथून जो तमाशा सुरू झाला तो आठवला की अजून चिडचिड होते.

आधी म्हणे सॉफ्टवेअरमध्ये आयटमचं नाव फिक्स आहे, 'वॉर्डरोब 3 डोअर' एवढंच प्रिंट होतं. म्हटलं पेनाने लिहा आणि शिक्का मारा. तर तो अधिकार मॅनेजरला. मॅनेजर म्हणाला मालकांना विचारावं लागेल, आणि मालक जेवायला गेलेले. बसलो. चहा आला, नको म्हटलं तरी आला. मालक आले ते एकदम गोड, "ताई, एवढी वर्षं धंदा करतोय, आमच्यावर विश्वास नाही का?" अहो विश्वास आहे म्हणूनच लिहून मागतेय ना! मग म्हणाले व्हॉट्सअॅपवर पाठवतो. घरी गेल्यावर मेसेज आला, 'बेस्ट क्वालिटी मटेरियल, टेन्शन नका घेऊ', खाली हात जोडलेले. मी परत शोरूमला गेले, परत तेच पुराण, आणि शेवटी एकदाचं बिलावर लिहिलं, काय लिहिलं तर 'इंजिनिअर्ड वुड'! यात प्लायही येतो, एमडीएफही (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड) येतो आणि पार्टिकल बोर्डही (भुसा दाबून केलेला) येतो, म्हणजे उद्या तळ फुगला तर हे हात वर करायला मोकळे.

मग मी सरळ आतली फळी काढायला लावली आणि फळीच्या पिना बसतात त्या भोकात मोबाईलचा टॉर्च मारला. ही जागा लक्षात ठेवा, इथे लॅमिनेट नसतं. प्लाय असेल तर पातळ थर एकावर एक दिसतात, एमडीएफ असेल तर पुठ्ठ्यासारखं एकसारखं दिसतं. इथे नखाने खरवडलं तर भुसा बोटाला लागला. पार्टिकल बोर्ड! मालक म्हणाले आतल्या पार्टिशनलाच आहे तेवढं. बरं, मग बाहेरच्याचं लिहून द्या. नाही दिलं.

टोकन परत मागितल्यावर क्रेडिट नोट देतो म्हणाले. तिथेच काउंटरवर उभी राहून ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबर लावायला घेतला तेव्हा पैसे परत आले. त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता, मला जाम बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

शेवटी वॉर्डरोब उल्हासनगरला घेतला, मागे स्वतःचं वर्कशॉप असलेलं छोटं दुकान. त्याने न कापलेल्या शीट दाखवल्या, त्यावरचा लायसन्स नंबर मी बीआयएस केअर अॅपवर (आयएसआय शिक्का देणाऱ्या सरकारी संस्थेचं अॅप) टाकून बघितला, आणि बिलावर '18 एमएम बीडब्ल्यूआर प्लाय, आयएस 303' हे त्याने न कुरकुरता लिहिलं. महाग पडला, पण नवऱ्याने एकदाही तोंड वाकडं केलं नाही, शोरूममध्ये तोही तो चहा पीत बसला होता ना.

बाकी आठवेल तसं. जड आहे म्हणजे चांगलं हे डोक्यातून काढा, एमडीएफचं कपाट प्लायपेक्षा जड असू शकतं. कपाटाची पाठ बघा, पातळ हार्डबोर्ड खिळ्यांनी ठोकलेला असेल तर सरकवताना सगळं कपाट हलतं. ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढून दाबून बघा. सोफ्याचा पुढचा एक पाय वीतभर उचला, दुसरा पुढचा पाय जमिनीलाच चिकटून राहिला तर फ्रेम पिळतेय. कुशनची चेन उघडायला लाजू नका. फोमची डेन्सिटी (एक घनमीटर फोमचं वजन किती किलो) विचारा, बसायच्या जागी 40 मागा, 32 ही चालते पण रोज बसायच्या सोफ्याला मी तरी घेणार नाही, आणि डेन्सिटी म्हणजे कडकपणा नाही, मऊ फोमही चांगल्या डेन्सिटीचा असतो. सॉलिड लाकूड सांगत असतील तर टेबलाची कड बघा, वरच्या रेषा कडेवरून खाली उतरल्या पाहिजेत, कडेला वेगळी पट्टी चिकटवलेली दिसली तर बहुतेक व्हिनिअर आहे, म्हणजे वर नुसता लाकडाचा पातळ पापुद्रा. शिसवीत पांढुरका भाग जास्त दिसला तर सोडा, कीड तिथेच आधी लागते.

आणि हो, डिलिव्हरीवाले 'सही करा, सही करा' करत घाई करतात. सगळे दरवाजे उघडून बंद करून बघितल्याशिवाय सही करू नका, फार तर ते जिन्यात उभे राहून बडबडतील.