वासुकी, देवमासा आणि आमचं खो-खोचं मैदान

शाळेच्या महोत्सवासाठी लिहायचं म्हटलं तर शिस्त, संस्कार, गुरुजनांचे उपकार यावर बाकीचे माजी विद्यार्थी लिहितीलच आणि माझ्यापेक्षा बरं लिहितील, म्हणून मी सरळ प्राण्यांवर लिहितो. या शाळेनं मला अवाढव्य जनावरांचं वेड लावलं आणि ते अजून उतरलेलं नाही, आणि त्याला जबाबदार दोन माणसं, एक आमच्या मराठीच्या बाई आणि दुसरे विज्ञानाचे सर.

तसं बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, त्यातही जांबोटी-कणकुंबीच्या अंगाला वाढलेल्या पोराला मोठ्या जनावराचं अप्रूप वेगळं शिकवावं लागत नाही. रात्री गवे भातात उतरायचे आणि सकाळी बांधावर खुरांचे ठसे बघायला आम्ही पोरं दप्तर पाठीला लावूनच जायचो, नर गवा टनभर वजनाचा भरतो हे तेव्हा माहीत नव्हतं पण चिखलात किती खोल गेलाय त्यावरून अंदाज यायचाच. घरी आज्जी राखणदाराच्या गोष्टी सांगायची, म्हणजे जुन्या वाड्याचं धन राखणारा केसाळ नाग, त्याच्या डोक्यावर मणी वगैरे. आज्जीला विचारलं तू बघितलास काय, तर म्हणायची, तुझ्या पणज्यानं बघितला. हे असं सगळं डोक्यात घेऊन आम्ही पाचवीला आलो.

आणि शाळेत समोर काय, तर गंडभेरुंड. कर्नाटक सरकारच्या मुद्रेवर तो दोन तोंडांचा पक्षी आहे ना, तो. मुद्रा कुणाची, भाषा कुठली यावर आमच्या भागात मोठी माणसं काय बोलतात ते मी इथं काढत नाही, आम्हा पोरांना फक्त तो पक्षी आवडायचा आणि त्याच्या दोन बाजूंना उभे असलेले सिंहाच्या अंगाचे, हत्तीच्या तोंडाचे प्राणी तर त्याहून जास्त. बाईंनी त्याची कथा सांगितली तो तास मला अजून आठवतो. हिरण्यकशिपूला मारल्यावर नरसिंहाचा राग शांत होईना म्हणून शंकरानं शरभाचं रूप घेतलं, आणि मग वैष्णवांच्या कथेप्रमाणे त्या शरभाला आवरायला विष्णूनं गंडभेरुंडाचं रूप घेतलं. म्हणजे प्रत्येक वेळी पुढचा लेव्हल! मधल्या सुट्टीत आमच्यात मारामारीची वेळ आली, शरभ मोठा की गंडभेरुंड मोठा, आणि शेवटी पार्ट्याच पडल्या.

भांडण मिटवायला गेलो सरांकडे. सर हसले नाहीत आणि असलं काही नसतं असंही म्हणाले नाहीत. त्यांनी विचारलं, "किती मोठा? आकडा सांगा." आम्ही गप्प. मग म्हणाले, खातो काय? राहतो कुठं? बघितला कुणी? सरांचं हे ठरलेलं होतं, कुठल्याही जनावराचं नाव काढलं की पहिल्यांदा माप. वाघ असो नाहीतर ऐरावत, माप आण मग बोल.

यात गंमत अशी की बाईंकडे मापं होती. त्यांनी महाभारतातली गज-कच्छपाची गोष्ट सांगितली, दोन भाऊ वाटणीवरून भांडले, एकमेकांना शाप दिला, एक हत्ती झाला नि दुसरा कासव, तरी भांडण चालूच (आमच्याकडच्या वाटणीच्या केसेस बघता यात मला तरी काही अशक्य वाटत नाही), आणि भुकेल्या गरुडानं दोघांनाही नखात धरून उचललं. आदिपर्वात त्यांची मापं दिलेली आहेत, हत्ती सहा योजनं उंच, कासव तीन योजनं उंच (योजन म्हणजे चार कोस). बाई स्टाफरूममध्ये सरांना म्हणाल्या म्हणे, घ्या तुमचा आकडा.

आणि सरांनी तो घेतला. पुढच्या तासाला वर्गात येऊन त्यांनी फाल्कनर नावाच्या स्कॉटिश डॉक्टरची हकीकत सांगितली. हा ह्यू फाल्कनर सहारनपूरच्या बागेचा प्रमुख होता आणि १८३० च्या दशकात तो आणि कॉटली नावाचा इंजिनियर शिवालिकच्या टेकड्यांत हाडं खणत होते. तिथं त्यांना एका राक्षसी कासवाचे अवशेष मिळाले, कवचच २ मीटरच्या आसपास (सुरुवातीला त्यांनी अंदाज याच्यापेक्षा कितीतरी मोठा धरला होता), आणि त्याला नाव देताना पृथ्वी पाठीवर घेतलेलं कासव आणि गरुडानं उचललेलं कासव ह्या आपल्या कथा फाल्कनरच्या डोक्यात होत्या. त्याच टेकड्यांत जिराफाच्या कुळातलं एक धिप्पाड जनावर मिळालं, त्याला तर शंकराचंच नाव दिलं, शिवाथेरियम. जुन्या माणसांना अशी हाडं कुठं दिसली असतील आणि त्यावरून कथा झाल्या असतील काय? सर म्हणाले, असेल, नसेल, पण कासव खरं आहे आणि त्याचं माप आहे. त्या दिवशी बाई आणि सर दोघंही खूश, आणि आम्ही तर काय विचारूच नका.

पण सर सगळ्याच गोष्टी अशा सोडून देत नव्हते. कुंभकर्णाचा तास हा आमच्या बॅचचा खास तास. सरांनी फळ्यावर सहा फुटी माणूस काढला, वजन धरलं ६० किलो. आता त्याला दहापट उंच करा, ६० फूट. उंची दहापट, रुंदी दहापट, जाडी पण दहापट, म्हणजे वजन हजारपट, ६० टन. पण पायाचं हाड वजन पेलतं ते त्याच्या जाडीवर, म्हणजे आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर, आणि ते वाढलं फक्त शंभरपट. म्हणजे हाडाच्या प्रत्येक इंचावर दहापट भार. "उठून उभा राहिला की पाय मोडणार," सर म्हणाले, "म्हणूनच तो झोपून असेल." वर्ग हसून लोळला. तेवढ्यात मागच्या बाकावरून एकजण उठला, "सर, त्यो राक्षस हाय की, त्याची हाडं येगळी असतील." सर म्हणाले, "असतील की. एक हाड घेऊन ये, मोजूया." हत्तीचे पाय खांबासारखे का आणि हरणाचे काटकुळे का, हे मला त्या तासाला जे समजलं ते पुन्हा कुठल्या पुस्तकातून समजून घ्यावं लागलं नाही.

मग कुणीतरी विचारलं, एवढं वजन पेलत नाही तर देवमासा कसा एवढा मोठा होतो. सर म्हणाले चला मैदानावर. शिपाईकाकांकडून फक्कीची, म्हणजे मैदान आखायच्या पांढऱ्या भुकटीची, बादली घेतली, सुतळी घेतली, आणि खो-खोच्या मैदानावर निळा देवमासा आखायला घेतला, ३० मीटर. फक्की ओली होती, आमच्याकडे ऑक्टोबरपर्यंत काय वाळतंय, त्यामुळे मुठीतनं गोळेच पडत होते आणि देवमाशाची पाठ खडबडीत झाली. दोन्ही खांबांच्या बाहेर गेला बघा, एका खांबापलीकडे तोंड आणि दुसऱ्यापलीकडे शेपूट. सरांनी अख्ख्या वर्गाला त्याच्या पोटात उभं केलं आणि तरी पोट रिकामंच. वजन दीडशे टनांच्या आसपास, म्हणजे कुंभकर्णाच्या दुपटीहून जास्त, पण पाणी उचलून धरतं म्हणून चालतं. तोच किनाऱ्याला लागला की स्वतःच्या वजनाखाली दबतो. २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला व्हेलचं पिल्लू किनाऱ्यावर अडकलं तेव्हा टीव्हीवर बघताना मला फक्कीच आठवली. आणि सर तेव्हाच सांगून गेले होते, की पृथ्वीवर आजवर झालेल्या कुठल्याही प्राण्यापेक्षा, डायनासोर धरून, हा वजनानं मोठा आहे आणि तो आत्ता जिवंत आहे. राक्षसांच्या काळात जन्माला यायला पाहिजे होतं असं मला वाटायचं, ते त्या दिवशी बंद झालं.

जाता जाता एक सांगतो, आपल्या तालुक्याचं जगात नाव ज्या जनावरानं केलं ते मात्र चिमूटभर आहे. भीमगडच्या जंगलातल्या बारापेडे गुहेतलं वटवाघूळ, रॉटन्स फ्री-टेल्ड बॅट, कितीतरी वर्षं जगात फक्त इथंच माहीत होतं. देवमाशाचं कौतुक करणाऱ्या आम्हाला हे कुणी फार सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी त्या वयात आम्ही वटवाघळाला भाव दिला नसता.

शाळा सुटल्यावर मी काही शास्त्रज्ञ झालो नाही. बेळगावात माझं फ्लेक्स प्रिंटिंगचं दुकान आहे, वाढदिवस, श्रद्धांजली, गणेशोत्सव मंडळं. पण बातम्यांवर लक्ष असतं. जुने दर्यावर्दी सांगायचे ना जहाज ओढून नेणारा राक्षस, क्राकेन, त्याच्यामागे असावा असा जो महाकाय स्क्विड, त्याचा जिवंत, खोल समुद्रातला पहिला फोटो जपानी शास्त्रज्ञ कुबोडेरा यांनी २००४ मध्ये काढला. म्हणजे आम्ही शाळेत असताना तो अर्धा दंतकथाच होता! उलट स्कॉटलंडमधल्या लॉख नेस तळ्यातल्या राक्षसाचा १९३४ चा तो प्रसिद्ध फोटो १९९४ मध्ये बनावट निघाला, खेळण्यातल्या पाणबुडीला मुंडकं लावलेलं. नंतर त्या तळ्याच्या पाण्यातले डीएनए तपासले तर सरपटणाऱ्या प्राण्याचा पत्ता नाही, ईल माशांचे मात्र भरपूर.

दुकानात पोरं येतात आणि मोबाईलवर दाखवतात, काका हा बघा १०० फुटी साप, जेसीबीनं उचललाय. मी सरांचं काम चालू करतो. जेसीबी कुठं आहे, साप कुठं आहे? साप कॅमेऱ्याच्या जवळ धरला की तो मोठाच दिसणार. शेजारी माणूस उभा असेल तर त्याचे पाय आणि साप एकाच जमिनीवर आहेत काय ते बघ. आता तर एआयनं केलेले फोटो येतात, त्यात जेसीबी पण खोटा.

पण खरा मोठा साप पाहिजे असेल तर आहे की. कच्छमधल्या पानंध्रोच्या लिग्नाइट खाणीत मणके मिळाले, २७ मणके, बराच काळ मगरीचे समजून ठेवलेले, आणि २०२४ मध्ये आयआयटी रुरकीच्या देबजित दत्ता आणि सुनील बाजपेयी यांनी ते एका प्रचंड सापाचे असल्याचं जाहीर केलं. ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा, लांबी अंदाजे ११ ते १५ मीटर. नाव ठेवलं वासुकी इंडिकस. कोलंबियाच्या कोळसा खाणीत मिळालेला टायटॅनोबोआ साधारण १३ मीटरचा, म्हणजे आपला वासुकी त्याच्या तोडीस तोड. नुसत्या मणक्यांवरून लांबी काढलेली असल्यामुळे ११ आणि १५ मध्ये एवढा फरक, हे ऐकून सर नक्की म्हणाले असते, बाकीचा साप आणा. त्याच २०२४ मध्ये आपल्या सह्याद्रीतला किंग कोब्रा ही वेगळीच जात असल्याचं ठरलं, ओफिओफॅगस कालिंगा, पानांचं घरटं करून अंडी घालणारा. तो तर आपल्या जंगलात आज फिरतोय.

ते मणके जाहीर झाले त्या वर्षी एका मंडळाला समुद्रमंथनाचा देखावा करायचा होता. मी म्हटलं वासुकी खऱ्या मापाचा करूया, ५० फूट. पोरं म्हणाली काका एवढाच? पुराणात तर तो मेरू पर्वताला गुंडाळलाय. मी म्हटलं मंदार, मेरू नव्हे, आणि गल्लीची रुंदी किती आहे ते आधी सांगा. शेवटी ३५ फुटांवर आलो, कारण पुढं ट्रान्सफॉर्मर होता.

तर आता या महोत्सवासाठी शाळेला माझ्याकडून दोन फ्लेक्स, वासुकी आणि निळा देवमासा, खऱ्या मापात, बाजूला उभ्या केलेल्या सहावीतल्या पोरासकट. प्रिंटिंग, आयलेट, लावायची मजुरी सगळं माझ्याकडं. वासुकीला ५० फूट आणि देवमाशाला जवळजवळ १०० फूट भिंत लागेल, मध्ये गेट येता कामा नये. मैदानाकडच्या कंपाउंडला एवढी सलग भिंत आहे काय ते कुणीतरी टेप लावून बघा आणि मला कळवा, अंदाजानं नको.