उन्हाशी हिशेब

चैत्रात घराला रंग द्यायचे ठरले, तेव्हा बैठकीच्या खोलीतली मनीप्लांटची कुंडी मी गच्चीवर नेऊन ठेवली. झाडाला आयतेच भरपूर ऊन मिळेल, या कल्पनेने मनातल्या मनात थोडे पुण्यही जमेस धरले. तिसऱ्या दिवशी पाहतो तो वरची पाने मधोमध पांढुरकी पडलेली, आणि आठवड्याभरात त्या जागी कागदासारखे कोरडे, तपकिरी डाग. पाणी कमी पडले म्हणावे तर माती ओली होती. शिवाय त्याच गच्चीवर, त्याच उन्हात तुळस आणि जास्वंद मजेत उभ्या होत्या. उन्हावर जगणारे झाड उन्हानेच पोळले, आणि तेही शेजारणींना काहीही न होता, हे मला पटेना.

भर दुपारच्या उन्हात लाखभर लक्स प्रकाश असतो आणि आमच्या खोलीच्या कोपऱ्यात काहीशे. आपले डोळे हा फरक इतक्या सफाईने सांभाळून घेतात की, कुंडी उंबऱ्यापलीकडे नेताना आपण तिला कुठून कुठे नेतो आहोत, याची जाणीवच होत नाही. पानाला मात्र येणारा प्रत्येक प्रकाशकण मोजूनमापून घ्यावा लागतो. ऊस, ज्वारी, मका यांची गोष्ट निराळी, त्यांना पूर्ण ऊनही पचते. पण बहुतेक झाडांच्या पानांचे काम पूर्ण उन्हाच्या पाव ते निम्म्या हिश्शातच भागते. उरलेला प्रकाशही हरितद्रव्य शोषतच राहते, आणि ती ऊर्जा कामी लागली नाही तर शेजारच्या ऑक्सिजनला जाऊन मिळते. चिडलेला हा ऑक्सिजन मग हाताला लागेल ते फाडत सुटतो.

या फाडाफाडीचा उपयोग आपण शेतात नकळत करून घेत असतो. मक्याच्या आणि उसाच्या शेतात तणावर अ‍ॅट्राझीन मारतात. ते पानातल्या प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेत एका ठरावीक प्रथिनाला चिकटते आणि पुढची वाट बंद करते. पिकाला हे औषध पचवता येते, तणाला येत नाही. अन्न तयार होईना म्हणून तण उपासमारीने मरत असेल, असे मी पूर्वी समजत असे. प्रत्यक्षात ते बरेचसे उन्हानेच मरते, कारण प्रकाश आत येत राहतो आणि त्याला जायला वाट उरत नाही.

झाडाचा पहिला प्रयत्न अर्थातच ऊन अंगावर न घेण्याचा असतो. आंब्याची कोवळी, तांबूस पालवी सरळ खाली लोंबत असते, त्यामुळे माथ्यावरचे ऊन तिच्यावर तिरके पडते. तिचा तांबूस रंगही आतल्या अर्धवट तयार यंत्रणेवर पडद्यासारखा काम करतो, असे मानले जाते. पावसाने ओढ दिली की सोयाबीनची पाने भर दुपारी उभी होतात आणि त्यांची फिकट मागची बाजू दिसू लागते. मला यांहून अधिक नवल वाटते ते डोळ्यांना न दिसणाऱ्या हालचालीचे. पानाच्या पेशीतली हरितलवके मंद प्रकाशात पसरून बसतात आणि प्रखर प्रकाशात पेशीच्या उभ्या भिंतींना सरकून एकमेकांच्या सावलीत उभी राहतात. उन्हात बसच्या रांगेत थांबलेली माणसे विजेच्या खांबाच्या अरुंद सावलीत एकामागे एक उभी राहावीत, तशीच. 2002 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिले की, ज्या रोपांतून ही सरकण्याची युक्ती काढून टाकली होती, त्यांची पाने प्रखर प्रकाशात खरोखरच होरपळतात.

तरीही जो जास्तीचा प्रकाश आत येतोच, त्याची उष्णता करून टाकण्याची सोय पानात असते. तिथे व्हायोलाझँथिन नावाचे एक पिवळे द्रव्य असते. ऊन चढले की काही मिनिटांत त्याचे झियाझँथिन होते, आणि त्याच्या मदतीने शोषलेली ऊर्जा निरुपद्रवी उष्णता होऊन निघून जाते. मक्याच्या दाण्याचा पिवळा रंग बराचसा याच झियाझँथिनचा असतो आणि त्याचे नावही मक्याच्या शास्त्रीय नावावरून पडलेले आहे. या बदलासाठी पानाला क जीवनसत्त्व लागते, म्हणजे आवळ्याचे आणि मनीप्लांटचे काहीतरी नाते आहेच म्हणायचे. या सोयीत एक खोट मात्र आहे. ती सुरू होते चटकन, पण बंद व्हायला रेंगाळते. ढग येऊन सावली पडली तरी पान बराच वेळ हाती आलेला प्रकाश उधळतच राहते. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी तंबाखूच्या रोपात तीन जनुकांची मात्रा वाढवून ही सोय लवकर मिटेल असे केले, तेव्हा शेतातल्या त्या रोपांचे वजन सुमारे 15 टक्क्यांनी वाढले. हा प्रयोग 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. झाडाची सावधगिरी इतकी महाग असते, हे त्यावरून पहिल्यांदा लक्षात आले.

एवढे सगळे करूनही यंत्रणा मोडतेच. पाण्याचे विघटन करून ऑक्सिजन सोडणारी जी यंत्रणा आहे, तिच्या मध्यभागी डी-1 नावाचे एक प्रथिन असते, आणि मघाशी सांगितलेले अ‍ॅट्राझीन चिकटते ते यालाच. प्रकाशाचा मार बसतो तोही मुख्यतः याच्यावर. मोडलेला भाग मग हरितलवकातल्या पडद्यांच्या दाट थप्पीतून बाहेर, मोकळ्या जागी आणला जातो. तिथे जुने डी-1 कातरून काढतात, नवे घडता घडताच जागेवर बसवले जाते, आणि बाकीचे भाग जसेच्या तसे पुन्हा वापरून यंत्रणा परत थप्पीत जाते. नव्या प्रथिनावर पाणी फोडण्याच्या कामाचे मँगॅनीजचे अणू नीट बसण्यासाठी थोडा प्रकाश लागतो, म्हणजे ज्याने मोडले त्याच्याच हातभाराने शेवटचा टाका घालायचा. कोकणात आगोटीला घर शाकारतात ते वर्षातून एकदा. पान कडक उन्हात हे काम तासातासाला करत असते, आणि तेही घर चालू ठेवून.

यातली मला सर्वांत अनपेक्षित वाटलेली गोष्ट अशी की ही मोडतोड मंद प्रकाशातही होत असते. प्रकाश जितका जास्त तितकी ती जास्त, एवढेच. ‘इथपर्यंत सुरक्षित’ अशी रेघ कुठेही नाही. आमच्या खोलीच्या कोपऱ्यातही मनीप्लांटचे डी-1 मोडत होते आणि दुरुस्त होत होते. गच्चीवर फरक पडला तो मोडण्याचा वेग दुरुस्तीच्या पुढे गेल्यामुळे. सावलीत वाढलेले पान मिळेल तो प्रकाश ओढून घेण्यासाठी भरपूर हरितद्रव्य मांडून बसलेले असते, त्याच्याजवळ पिवळ्या द्रव्याचा साठा बेताचा असतो आणि दुरुस्तीची गडी-माणसेही कमी. तुळस आणि जास्वंद उन्हातच वाढलेल्या होत्या, त्यामुळे त्यांनी रोजचा खर्च आधीच धरून ठेवलेला होता. रोपवाटिकेत हिरव्या जाळीखालची रोपे विकण्याआधी थोडी थोडी उन्हात काढून ठेवतात, ती हा खर्च शिकवण्यासाठीच.

जळलेले डाग आता भरून येणार नाहीत. तिथल्या पेशीच मेल्या आहेत आणि मेलेल्या पेशीत दुरुस्ती करायला कोणी नाही. मात्र डाग पडलेले पान मी तोडलेले नाही, कारण त्याचा अर्धा भाग अजून हिरवा आहे. रंगकाम उरकले, तरी कुंडी आत नेली नाही. ती पाण्याच्या टाकीच्या सावलीत ठेवली आहे, जिथे फक्त सकाळी आठपर्यंत ऊन येते. तिथे फुटलेले पहिले पान आधीच्या पानांपेक्षा लहान, जाडसर आणि रंगाने किंचित फिके आहे. पुढच्या आठवड्यात कुंडी आणखी हातभर पुढे सरकवायची आहे.