पेटीवाल्याने स्टाफ नोटेशन वाचायला घेतलं तेव्हा... (माझा अनुभव)

मी भजनाला पेटी वाजवणारा माणूस, पट्ट्यांना काळी दोन, पांढरी चार म्हणायची ही आपली भाषा. पुतणीचं कीबोर्डचं पुस्तक घरात पडलेलं दिसलं, म्हटलं त्यातलं स्टाफ नोटेशन, म्हणजे रेषांवर सूर लिहायची पाश्चात्त्य पद्धत, वाचता येतंय का बघू तरी.

पाच रेषा, चार मोकळ्या जागा. सुरुवातीला क्लेफ नावाची खूण असते, तिच्यावरून कुठल्या रेषेवर कुठला सूर ते कळतं. ट्रेबल क्लेफचं वेटोळं खालून दुसऱ्या रेषेभोवती फिरतं म्हणून ती रेषा 'जी' (G) सुराची, म्हणजे पांढरी पाच. बेस क्लेफचे दोन ठिपके जिच्या वर-खाली असतात ती 'एफ' (F). या दोन खुणा धरून मोजत गेलं की बाकीचे सूर सापडतात, त्याचं एवढं काही नाही.

घोडं पेंड खात होतं ते 'सा' पाशी. भातखंडे पद्धतीत सा तो सा, पट्टी तुम्ही ठरवा, कागद तोच राहतो. इथे पट्टी कागदावरच ठरलेली. क्लेफच्या शेजारी शार्प-फ्लॅटच्या (सूर अर्ध्या पायरीने चढवायच्या-उतरवायच्या) खुणा असतात ना, ती की सिग्नेचर, एफवर शार्प दिसला की पुढचे सगळेच एफ काळी तीनवर, मग ते कुठल्याही सप्तकात येवोत. हे ठीक, पण सा कुठला? तर ट्रिक अशी की शेवटचा शार्प हा त्या पट्टीचा शुद्ध नी, त्याच्या लगेच वरचा सूर सा! एक शार्प असेल तर काळी तीन नी, म्हणून पांढरी पाच सा. दोन असतील तर दुसरा सीवर येतो, काळी एक नी, पांढरी दोन सा. फ्लॅट असतील तर शेवटून दुसरा फ्लॅट म्हणजेच सा, आणि एकटाच असेल तर पांढरी चार, ते सरळ पाठ करून टाका. (हे मेजरचं, म्हणजे आपल्या बिलावल थाटाचं. मायनरला त्याच खुणा चालतात पण त्यातल्या ध ला सा धरायचं.) हे कळल्यावर मी मनात सरगम म्हणत वाचायला लागलो आणि खरं सांगतो, मजा यायला लागली.

तालाची नावं मात्र उगाच डोकं खातात, ट्रिनिटी या ब्रिटिश संगीत परीक्षेवाले ज्याला क्रोचेट म्हणतात त्यालाच यूट्यूबवरचे अमेरिकन क्वार्टर नोट म्हणतात. 4/4 मध्ये ती एक मात्रा, मिनिम (अमेरिकनांची हाफ नोट) दोन, आणि पुढे टिंब दिलं की दीडपट, म्हणजे टिंबवाला मिनिम तीन मात्रांचा. डी.सी. अल फिने दिसलं की पहिल्यापासून परत वाजवायचं आणि फिने लिहिलंय तिथे थांबायचं.

सध्या बेस क्लेफशी झटापट चालू आहे. आयुष्यभर डावा हात भात्यावर, त्याला सूर वाजवायची सवयच नाही, त्यामुळे उजवा पुढच्या बारमध्ये (उभ्या रेषांमधल्या पुढच्या खंडात) पोचतो तरी हा आपला मागेच.