न्यूयॉर्क शहराची मतं मोजताना

न्यूयॉर्क शहरात अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवार पहिला आला, त्याला शंभर वर्षं झाली. १९२४ साली कूलिज जिंकले, तेही डेमोक्रॅट डेव्हिस आणि तिसरे उमेदवार ला फॉलेट यांच्यात विरोधी मतं फुटल्यामुळे. १९२८ ला याच शहरात वाढलेले कॅथलिक अल स्मिथ डेमोक्रॅटांकडून उभे राहिले. राज्य त्यांच्या हातून गेलं, पण शहर त्यांनी घेतलं. म्हणजे शहर डेमोक्रॅटांकडे वळलं, तो बदल १९३२ ला पहिल्यांदा अध्यक्ष झालेल्या डेमोक्रॅट रूझवेल्टच्या आधीचा आहे. तो सरसकट १९३२ च्या खात्यावर टाकतात, हे मला पटत नाही.

निकालांची ही मालिका स्वतः मांडायची तर राज्याच्या निवडणूक मंडळाचे काउंटीवार अंतिम आकडे घ्या. निकालाच्या रात्रीचे नकोत, कारण उशिरा आलेली टपाली मतं नंतर मिळवली जातात. शहर म्हणजे पाच काउंट्या. मॅनहॅटनचं तक्त्यातलं नाव न्यूयॉर्क काउंटी, ब्रुकलिनचं किंग्ज आणि स्टेटन आयलंडचं रिचमंड. क्वीन्स आणि ब्राँक्स आपल्याच नावाने येतात. ‘न्यूयॉर्क काउंटी’ची ओळ संपूर्ण शहराची समजून उचलणं ही नेहमीची चूक. शिवाय ब्राँक्सची वेगळी काउंटी १९१४ मध्ये झाली. त्याआधी ते न्यूयॉर्क काउंटीतच होतं. त्यामुळे १९१२ आणि १९१६ चं मॅनहॅटन थेट शेजारी ठेवू नका.

सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे या राज्यात एकच उमेदवार अनेक पक्षांच्या रकान्यांत असतो. १९४४ चं राज्याचं उदाहरण बघा. रिपब्लिकन ड्यूईंना सुमारे २९.९ लाख मतं, रूझवेल्टच्या डेमोक्रॅटिक रकान्यात सुमारे २४.८ लाख. इथेच थांबलात तर रूझवेल्ट हरलेले दिसतात! अमेरिकन लेबर पक्षाच्या रकान्यातली जवळपास ५ लाख आणि लिबरल पक्षाच्या रकान्यातली ३.३ लाख मिळवली की ते ३३ लाखांवर जातात आणि राज्य जिंकतात. टॅमनी हॉलच्या (शहरातल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या जुन्या, बदनाम यंत्रणेच्या) डेमोक्रॅटांना मत द्यायचं नाही, पण रूझवेल्ट हवेत, अशा शहरातल्या कामगारांसाठी लेबर पक्षाचा रकाना १९३६ मध्ये निघाला होता. म्हणून बेरीज पक्षाची नको, उमेदवाराची करा. कोऱ्या आणि बाद मतांचा रकाना टक्केवारीच्या छेदातून वगळा, आणि तोच नियम प्रत्येक वर्षाला लावा.

बरोंमधला, म्हणजे या पाच काउंट्यांइतक्याच शहराच्या पाच विभागांमधला, फरक शहराच्या सरासरीत बुडतो. १९७२ मध्ये रिपब्लिकन निक्सननी क्वीन्स आणि स्टेटन आयलंड घेतलं, तरी शहर थोडक्यात डेमोक्रॅट मॅकगव्हर्नकडे राहिलं. क्वीन्स त्यानंतर रिपब्लिकनांकडे गेलेलं नाही. स्टेटन आयलंड मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर डेमोक्रॅटांकडे फक्त चारदा गेलं: १९६४, १९९६, २००० आणि २०१२.

२०२४ चे आकडे तर टक्के आणि प्रत्यक्ष मतं दोन्ही मांडल्याशिवाय वाचूच नयेत. शहरात ट्रम्प २०२० च्या साधारण २३ टक्क्यांवरून ३० वर गेले. देशभरात त्यांची वाढ ३ टक्क्यांच्या आसपास होती, म्हणजे शहराचं वळण देशाच्या दुपटीहून जास्त. ब्राँक्समध्ये २०१२ साली ओबामांना ९१ टक्के मतं होती. तिथे ट्रम्प २०२४ मध्ये २७ टक्क्यांवर पोचले. आता मतं बघा. बायडेनना २०२० मध्ये सुमारे २३ लाख, हॅरिसना सुमारे १९ लाख. ट्रम्प सुमारे ७ लाखांवरून ८ लाखांच्या पुढे. डेमोक्रॅटांची घट जवळपास ४ लाखांची आणि ट्रम्पची वाढ त्याच्या निम्म्याहून कमी. कोण घरी बसलं, कोण शहर सोडून गेलं आणि कोणी बाजू बदलली, हे काउंटीच्या बेरजेतून वेगळं काढता येत नाही. त्यासाठी मतदान केंद्राच्या हद्दीपर्यंत उतरावं लागतं, आणि त्या हद्दी पुनर्रचनेत बदलतात, म्हणून आधी जुन्या-नव्या नकाशांचा मेळ घालावा लागतो.