शनिवारची मट्टान्चेरी

विमान रखडलं आणि आमची शुक्रवारची कोची शनिवारवर ढकलली गेली. शनिवारी ज्यूंचा साबाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस; त्यामुळे मट्टान्चेरी या कोचीच्या जुन्या भागातलं परदेसी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बंद. सहलीच्या कार्यक्रमात नेमकं तेच ठळक अक्षरांत छापलेलं! १५६८ सालचं सिनेगॉग आणि १७६० चा घड्याळाचा मनोरा मी बाहेरूनच दाखवला. मंडळींचे चेहरे पडले. "आता बघायचं काय?" एका काकांनी रोखठोक विचारलं.

शेजारचा डच राजवाडा उघडा होता. नाव डच, पण बांधला पोर्तुगीजांनी आणि १५५५ मध्ये दिला कोचीच्या राजाला. डचांनी नंतर फक्त डागडुजी केली. आतली रामायणाची भित्तिचित्रं मनासारखी बघून झाली, तरी बस यायला बराच अवकाश होता. म्हटलं, चला जवळच्या चेरळाई वस्तीत, पायीच. कपाळावर आठ्या चढल्या, पण निघाले सगळे.

वाटेत मसाल्यांच्या वखारी, गुजराती वस्ती, तिथलं धर्मनाथाचं जैन मंदिर. मध्येच अजान झाली. चेरळाईतल्या तिरुमल देवळाजवळ गौड सारस्वतांची घरं लागली. गोव्यात पोर्तुगीजांचा जाच वाढला तेव्हा यांचे पूर्वज समुद्रकाठानं खाली आले आणि राजानं त्यांना आसरा दिला. सिनेगॉगही त्याच राजघराण्यानं दिलेल्या जागेवर, वाड्याला खेटून उभं आहे. हे मी एरवी बसमध्ये माइकवरून सांगतो, निम्मे लोक तेव्हा झोपलेले असतात.

इथं सांगायची वेळच आली नाही. एका ओट्यावर आजीबाई कोणाशी तरी कोकणीत बोलत होत्या. आमच्यातल्या वेंगुर्ल्याच्या काकू थबकल्या आणि सरळ मालवणीत विचारलं, "तुमी हयसर कधीपासून रवतास?" आजींना नीट कळलं असेल की नाही, देव जाणे, पण त्या खुदकन हसल्या आणि सरकून जागा केली. मग नातवंडं, माशांचे भाव, गुडघेदुखी. अर्धं काकूंना कळत होतं, अर्धं हातवाऱ्यांवर भागत होतं. बाकीची मंडळी भोवती उभी. एरवी दर दहा मिनिटांनी चहाची आठवण करून देणारे काकासुद्धा गप्प!

ड्रायव्हरचे दोन फोन मी घेतलेच नाहीत. पुढच्या सहलीच्या आराखड्यात चेरळाईला दीड तास मागितला; वरून एक तास मंजूर झाला. वखारींपाशी कमी रेंगाळलो तर तेवढ्यात बसतं.